घरच्या हाय-फायमधील डॅक : काही रूढ समजुतींची शहानिशा

संगणकात, मोबाइलमध्ये किंवा सीडीवर अंकांच्या रूपाने साठवलेल्या संगीताचे पुनश्च विद्युत्-लहरींत रूपांतर करून त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या हवाली करणे, एवढेच ज्याचे विहित कर्तव्य, त्या उपकरणाला हाय-फायच्या शौकिनांत ‘डॅक’ म्हणतात. आणि हजार-दीड हजार रुपयांच्या बोटभर जोडणीपासून लाखांच्या घरात जाणाऱ्या अवजड पेट्यांपर्यंत त्याचा पसारा असल्यामुळे, कोणत्या डॅकचा आवाज ‘ऊबदार’ आणि कोणाचा ‘रुक्ष’, यावर या मंडळींत जेवढी हुज्जत चालते तेवढी स्पीकरवरही चालत नाही. वास्तविक ती स्पीकरवर चालायला हवी. बऱ्यापैकी स्पीकरसुद्धा खर्जाचे स्वर मोठ्याने वाजवताना मूळ ध्वनीत शेकडा एक किंवा त्याहून अधिक विकृती मिसळतो, आणि आज मिळणाऱ्या साध्या पण नीट बांधलेल्या डॅकमध्ये हेच प्रमाण शेकडा एक-सहस्रांशाच्या आसपास असते. ही तफावत ध्यानात ठेवली म्हणजे पुढील बहुतेक तंट्यांचा निकाल कोणत्या दिशेने लागणार, याचा अंदाज येतो.

सर्वांत चिवट समजूत पायऱ्यांची. एक गुळगुळीत वक्र काढावयाचा, त्यावर जिन्यासारखी दातेरी आकृती बसवावयाची आणि अंकीय ध्वनी हा असा खडबडीत असतो म्हणून दर सेकंदास जितके अधिक नमुने घ्यावेत तितक्या पायऱ्या बारीक होऊन संगीत मूळ स्वरूपाच्या निकट जाते असे सांगावयाचे, हा प्रघात जाहिरातींनी इतका रुजवला आहे की भले भले अभियंतेही तो निमूटपणे मान्य करतात. वस्तुस्थिती अशी की नमुना ही एका क्षणाची नोंद असते. दोन नोंदींच्या मधल्या काळाबद्दल ती काहीच म्हणत नाही, मग त्या काळात सपाट पायरी होती असे तरी ती कोठून म्हणणार? आणि मधली माहिती नोंदवण्याची गरजही नसते, कारण मूळ ध्वनीत नमुनादराच्या निम्म्यापेक्षा उच्च वारंवारता नसेल तर त्या सर्व बिंदूंतून जाणारा आणि तेवढ्याच मर्यादेत राहणारा वक्र एकच असतो, दुसरा संभवत नाही. या सिद्धांताची बीजे हॅरी नायक्विस्टच्या १९२८ च्या निबंधात आहेत. रशियात कोतेल्निकोव्हने १९३३ मध्ये तो मांडला आणि १९४९ मध्ये क्लॉड शॅननने त्याला आज सर्वमान्य असलेले रूप दिले. डॅकच्या अंतर्भागात काही टप्प्यांवर पायऱ्या खरोखरच उमटतात, परंतु त्यांच्यामागे बसवलेली गाळणी, म्हणजे फिल्टर, त्या पुसूनच लहर बाहेर सोडते, आणि जोडणीच्या टोकाशी ऑसिलोस्कोप लावून पाहणाऱ्यास अखंड वक्रच दिसतो.

सीडीचा दर सेकंदास ४४,१०० नमुन्यांचा. त्याचे निम्मे २२,०५०, आणि निकोप तरुण कानाची वरची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ, जी वयोमानाप्रमाणे खाली उतरत जाते. ही ४४,१०० ची विचित्र संख्या कोणा तत्त्ववेत्त्याने ठरवलेली नव्हे. त्या काळी अंकीय ध्वनी व्हिडिओ-टेपवर मुद्रित करीत, आणि प्रत्येक रेषेत ३ नमुने, २४५ रेषा व सेकंदास ६० क्षेत्रे असा अमेरिकी-जपानी हिशेब घेतला काय किंवा ३, २९४ आणि ५० असा युरोपीय घेतला काय, गुणाकार एकच येतो. दोन्ही दफ्तरांत बसणारा आकडा म्हणून तो कायम झाला, इतकेच.

गाळणीचा विषय निघालाच आहे तर एका पंथाची दखल घेणे उचित होईल. काही डॅक ही गाळणी हेतुपुरस्सर गाळतात आणि ‘नॉन-ओव्हरसॅम्पलिंग’ या नावाने, कृत्रिमतेपासून मुक्त म्हणून विकले जातात. त्यांचा मऊपणा कल्पित नाही. सीडीच्या दराने वाजवताना अशा डॅकची पट्टी २०,००० हर्ट्झपाशी सुमारे ३ डेसिबलने झुकते, म्हणजे तारस्वरांची धार थोडी बोथट होते. ती ज्यास रुचते त्याने ती खुशाल घ्यावी. मात्र तेच काम टोन-कंट्रोलची खुंटी फुकटात करते, एवढे विक्रेत्यानेही सांगावयास हवे होते.

दुसरी समजूत बिटांची : १६ पेक्षा २४ बिटांत ‘तपशील’ अधिक. बिटांची संख्या नाद आणि त्याच्या तळाशी असलेली खरखर यांमधील अंतर ठरवते, यापलीकडे तिचा अधिकार नाही. १६ बिटांत हे अंतर सुमारे ९६ डेसिबल, २४ बिटांत कागदोपत्री १४४. परंतु विद्युत्-मंडलातील रोधांच्या स्वाभाविक उष्णताजन्य खरखरीमुळे अत्युत्कृष्ट डॅकही १२० ते १३० च्या दरम्यान अडखळतात, म्हणजे पेटीवर ३२ बिट छापले असले तरी पदरात पडतात वीस-एकवीसच. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हा सोनीने १६ बिटांचा डॅक वापरला आणि फिलिप्सने १४ बिटांचा. फिलिप्सने नमुनादर चौपट करून खरखर कानाच्या टप्प्याबाहेर सरकवली आणि १४ बिटांतून १६ बिटांचे काम साधले. ध्वनिमुद्रण करणाऱ्यास २४ बिटांची मुभा हवीच, कारण गवयाचा आवाज अकस्मात किती चढेल हे त्यास आधी ठाऊक नसते. परंतु केसरबाई केरकरांच्या लाखेच्या तबकड्या किंवा मैफलींच्या जुन्या टेपा जेव्हा २४ बिटांच्या नव्या आवृत्तीत आपल्यापुढे येतात, तेव्हा त्या तबकड्यांची आणि टेपांची स्वतःची खरखर १६ बिटांच्या तळापेक्षा कितीतरी वर असते. अधिकचे बिट त्या खरखरीचेच इमानाने चित्रण करतात.

या बाबतीत प्रयोगांचा दाखलाही आहे. मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये उच्च-दर्जाच्या मुद्रणाच्या वाटेत गुपचूप सीडीच्या दर्जाचा अडसर घालून श्रोत्यांना फरक ओळखावयास सांगितले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले, म्हणजे छापा-काट्याइतके. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांचे एकत्रीकरण केले तेव्हा उत्तर शेकडा ५२.३ निघाले, प्रशिक्षित श्रोत्यांत त्याहून अधिक. अतिसूक्ष्म फरक असू शकतो असे यावरून फार तर म्हणता येईल. ‘पडदा दूर झाला’ या थाटाच्या वर्णनांना मात्र यात आधार सापडत नाही.

मग प्रामाणिक माणसाला दोन डॅकमध्ये धडधडीत फरक ऐकू येतो तो कशाने? बहुधा पातळीने. साधारण डॅक २ व्होल्ट देतो. दुसऱ्याने अडीच दिले तर तो सुमारे १.९ डेसिबल मोठा वाजणार, आणि बॅलन्स्ड जोडणीतून ४ व्होल्ट आले तर ६ डेसिबल. लहानसा वाढावा कानास ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही, तो ‘भरदार खर्ज’, ‘मोकळा अवकाश’ अशा गुणांच्या वेषात येतो. दुकानदारास हे पूर्वापार अवगत आहे. म्हणून तुलनेची पहिली अट अशी, की एकच सूर, शक्यतो ४०० हर्ट्झच्या आतला, कारण साधी मल्टिमीटर त्यापुढे भरवशाची राहत नाहीत, दोन्ही डॅकमधून वाजवून स्पीकरच्या जोडणीवरील विद्युत्-दाब शेकडा एकाच्या आसपास जुळवावा. दुसरी अशी, की अदलाबदल अन्य व्यक्तीने करावी आणि कोणता डॅक लागला आहे हे ऐकणाऱ्यास कळू नये. दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखले तर निव्वळ नशिबाने तसे घडण्याची शक्यता शंभरात एकाएवढीच. सहा वेळा ओळखले तर त्यावरून कोणताही फैसला देऊ नये. इतकी तजवीज केलेली तुलना मी फार थोड्या घरी पाहिली आहे, आणि तेथे हुज्जत लवकर संपते.

चिपच्या नावावरून डॅक निवडणे हे तर तांदळाच्या जातीवरून स्वयंपाकाची परीक्षा करण्यासारखे. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानातील नोबेओका येथील एकेएम या चिप-उत्पादक कंपनीचा कारखाना आगीत सापडला, चिपांचा दुष्काळ पडला, आणि जर्मनीच्या आरएमई कंपनीने आपल्या एडीआय-२ या नामांकित डॅकमध्ये एकेएमच्या जागी ईएसएस या दुसऱ्या उत्पादकाची चिप बसवून विक्री चालू ठेवली. एकेएम म्हणजे मखमल आणि ईएसएस म्हणजे पोलादी धार, असे ठासून सांगणाऱ्यांच्या मताप्रमाणे ते उपकरण अंतर्बाह्य पालटावयास हवे होते. तसे झाले नाही, कारण चिपच्या मागचे विद्युत्-मंडल, वीजपुरवठा आणि गाळणी यांचा वाटा मोठा असतो व तो कंपनीच्या हाती राहतो. नमुन्यांच्या वेळेतील थरथर, जिचा ‘जिटर’ म्हणून बागुलबुवा केला जातो, तिचेही तसेच : आजच्या यूएसबी-डॅकमध्ये घड्याळ डॅकचे स्वतःचे असते, संगणकाला त्याच्या तालावर माहिती पुरवावी लागते, आणि महागड्या यूएसबी-तारेला त्या तालात ढवळाढवळ करण्यास वावच उरत नाही.

जेथे फरक निश्चित आहे ती बाब मात्र जाहिरातीत क्वचितच सापडते. अनेक घरांत लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवर, दोघांचे अर्थिंग निराळ्या वाटांनी गेलेले, आणि मधून यूएसबीची तार. अशा वेळी दोन अर्थिंगमधील किंचित विद्युत्-दाबामुळे त्या तारेतून प्रवाह वाहू लागतो व स्पीकरमधून ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची घरघर येते. चार्जर काढताच ती थांबली तर निदान पक्के. दोन्ही उपकरणे एकाच पट्टीवर लावून पाहावीत. अर्थिंगची पिन मोडण्याचा आगाऊपणा कदापि करू नये, कारण ती जिवाच्या रक्षणासाठी आहे. तेवढ्याने न भागल्यास आणि उगमाशी सोय असल्यास ऑप्टिकल जोडणी असलेला डॅक घ्यावा, कारण त्या तारेतून प्रकाश जातो, वीज जात नाही, आणि प्रवाहाची वाटच तुटते. ही जोडणी बहुतेक उपकरणांत ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या नमुनादरापुढे जात नाही, अशी तिच्याविरुद्ध एक तक्रार केली जाते. ती दाखल करून घेण्याचे कारण दिसत नाही.