ऐकू येणं जाईल का? आधी चाचणी करून घ्या!

दिल्लीतल्या हिंदूराव रुग्णालयाचं नाव मराठी माणसावरून पडलंय, हे तुम्हाला माहीत आहे का? ही वास्तू कागलच्या हिंदूराव घाटग्यांची, म्हणजे बायजाबाई शिंदे यांच्या भावाची. 1857 मध्ये इथे तोफा धडाडत होत्या. आज इथल्या कान-नाक-घसा विभागात लोक वेगळीच धास्ती घेऊन येतात: आपल्याला ऐकू येणं बंद तर होणार नाही ना?

तुमच्याही कानाला दडे बसतात, शिट्टी वाजते, मधूनच गरगरतं? हा मेनिएर आजार असू शकतो. ही चक्कर आतल्या कानातून येते, हे फ्रेंच डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर यांनी 1861 मध्ये मांडलं. आजार बहुधा एकाच कानात सुरू होतो. सुरुवातीच्या काळात झटका ओसरला की ऐकू येणंही बरंचसं सुधारतं.

म्हणून अंदाज बांधत बसू नका. ऑडिओमेट्री करून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. पुढच्या वेळी नेमका किती फरक पडला, ते कळेल. झटक्यांची तारीख लिहा. डॉक्टरांना विचारून पापड-लोणचं कमी करा. रात्री शिट्टी छळत असेल, तर पंख्याचा मंद आवाज असू द्या. घरच्यांना स्पष्ट सांगा, "समोर येऊन बोला."

मात्र एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर तेल घालून वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तिथे उशीर महागात पडतो.