एडिटरची मांडणी आणि तिची न दिसणारी देखभाल

पुणे-नाशिक महामार्गावरील कुरुळी, निघोजे, चाकण या औद्योगिक पट्ट्यात 'मेंटेनन्स' या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. यंत्र एकदाच बसवले जाते, त्याची निगा मात्र रोज राखावी लागते. सॉफ्टवेअरला गंज चढत नाही, त्याचे दाते झिजत नाहीत. त्यामुळे ते एकदा लिहिले की कायमचे चालेल, असा समज सर्वत्र आढळतो. प्रोग्रामर मंडळी दिवसभर ज्या साधनात काम करतात, त्या टेक्स्ट एडिटरकडे पाहिले की हा समज टिकत नाही.

टेक्स्ट एडिटर म्हणजे साधा मजकूर आणि प्रोग्राम लिहिण्याचे साधन. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीएनयू ईमॅक्स १९८५ पासून, तर ब्रॅम मूलेनार यांचा विम १९९१ पासून लोकांच्या हाती आहे. दोन्ही एडिटर वापरणाऱ्याला हवे तसे बदलता येतात. कोणती कळ दाबल्यावर काय व्हावे, रंग कोणते असावेत, कोणती जोड-सॉफ्टवेअर अर्थात प्लगइन वापरावीत, हे सारे एका फाइलमध्ये लिहून ठेवता येते. नवख्या माणसाला हा खटाटोप झेपत नाही. म्हणून जाणकारांनी तयार मांडण्या रचल्या. ईमॅक्ससाठी स्पेसमॅक्स आणि डूम, तर विमपासून २०१४ मध्ये वेगळ्या झालेल्या निओविमसाठी लेझीविम, ही अशा 'फ्रेमवर्क'ची परिचित उदाहरणे होत.

झीज कोठून होते?

अशा फ्रेमवर्कमध्ये अनेक प्लगइन एकत्र नांदतात आणि प्रत्येकाचा कर्ता निराळा असतो. एकाने एखाद्या आज्ञेचे नाव बदलले, की तिच्यावर विसंबलेले दुसरे प्लगइन बंद पडते. स्वतःच्या फाइलमध्ये एक अक्षरही न बदलता वापरणाऱ्याचा एडिटर सकाळी सुरू होत नाही, तो यामुळे. निओविममधील प्लगइन बसवणारे 'पॅकर' हे लोकप्रिय साधन घ्या. त्याची देखभाल थांबल्याचे ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाले आणि त्यावर उभ्या असलेल्या मांडण्यांना दुसरे साधन शोधावे लागले. स्पेसमॅक्सची ०.२००.१३ ही स्थिर आवृत्ती मे २०१८ मध्ये आली. त्यानंतरचे काम वर्षानुवर्षे विकासाच्या निराळ्या शाखेवरच चालले.

बग शोधण्याची रीत

तक्रार आली की देखभाल करणारा प्रथम एडिटर कोऱ्या स्थितीत, कोणत्याही मांडणीविना सुरू करून पाहण्यास सांगतो. दोष तरीही दिसला तर तो मूळ एडिटरचा. नाहीसा झाला तर मांडणीचा किंवा प्लगइनचा. दोष नेमक्या कोणत्या बदलाने शिरला, हे निम्मे-निम्मे करून शोधले जाते. मधल्या टप्प्यावरची आवृत्ती तपासायची आणि दोष ज्या बाजूला असेल तेवढाच भाग पुढे घ्यायचा. या रीतीने हजार बदलांतून दोषी बदल साधारण दहा तपासण्यांत सापडतो. दुरुस्तीनंतर त्याच दोषाची चाचणी लिहून ठेवली जाते, म्हणजे तो परत शिरला तर लगेच कळतो.

मराठी मजकुरात या कामाला वेगळाच पदर आहे. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एक प्रकार 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त यांचा. दुसरा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांचा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक रूप शोधले की दुसरे सापडत नाही. वरवर पाहता हा एडिटरचा दोष वाटतो. प्रत्यक्षात मूळ कीबोर्डच्या मांडणीत असते आणि फाइल साठवताना दोन्ही रूपे एकसारखी करणारा छोटा नियम जोडणे हा त्यावरचा उपाय ठरतो.

गैरसोयीपलीकडचा धोका

दुर्लक्षित दोष दर वेळी किरकोळ नसतो. विममध्ये फाइलच्या पहिल्या किंवा शेवटच्या काही ओळींत त्या फाइलपुरती मांडणी लिहिण्याची सोय आहे. तिला मोडलाइन म्हणतात. २०१९ मध्ये या सोयीतील एक गंभीर त्रुटी उघडकीस आली. खास रचलेली साधी मजकुराची फाइल नुसती उघडली, तरी संगणकावर परक्याची आज्ञा चालू शकत होती. विमच्या ८.१.१३६५ या दुरुस्तीने आणि निओविमच्या ०.३.६ या आवृत्तीने हे भगदाड बुजवले. ज्यांनी आवृत्ती बदलली नाही, त्यांच्यासाठी ते उघडेच राहिले.

भार कोणाच्या खांद्यावर?

हे काम बहुधा मोजक्या व्यक्ती, पुष्कळदा बिनमोबदला करतात. मूलेनार यांचे ३ ऑगस्ट २०२३ रोजी निधन झाले. तीन दशके विमचा मुख्य भार त्यांच्यावरच होता. क्रिस्टियन ब्राबांट आणि सहकाऱ्यांनी तो उचलला आणि जानेवारी २०२४ मध्ये ९.१ ही आवृत्ती मूलेनार यांच्या स्मृतीस अर्पण केली. दरवेळी असा वारस मिळतोच असे नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलर देणारा 'फ्लॉस फंड' झेरोधा या भारतीय कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केला. देखभालीलाही मोल असते, याची ही जाणीव म्हणावी लागेल.

वापरणाऱ्यालाही बरेच करता येते. चालू असलेल्या प्लगइनच्या आवृत्त्या नोंदवून ठेवाव्यात, मांडणीची जुनी प्रत जपावी आणि न लागणारी प्लगइन काढून टाकावीत. तक्रार करताना 'चालत नाही' एवढेच न लिहिता आवृत्ती कोणती, काय केले, काय अपेक्षित होते आणि काय घडले, या चार गोष्टी सांगाव्यात. तेवढ्याने देखभाल करणाऱ्याची एखादी संध्याकाळ वाचते.