विश्लेषण : ‘इंडी’ गायक आणि डिझायनर नेमके कशापासून स्वतंत्र असतात?

मोबाइलवर दहा मिनिटं स्क्रोल केलं की एखादा गायक किंवा फॅशन डिझायनर स्वतःचा प्रवास सांगताना भेटतोच. नोकरी सोडली आणि बेडरूममध्ये पहिलं गाणं रेकॉर्ड केलं. आजीच्या ट्रंकेत जुनी साडी सापडली आणि त्यातून लेबल सुरू झालं. ऐकायला छान वाटतं आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. पण या गोष्टींमधून दोन मुद्दे हमखास गळतात. पैसे कुठून आले? आणि शेवटी त्या गाण्याचा किंवा डिझाइनचा मालक कोण राहिला?

हे दोन प्रश्न समजून घ्यायचे तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात जावं लागेल. शिवोलीचे गायक रेमो फर्नांडिस आणि कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स हे दोघं याच तालुक्यातले. दोघांनाही पद्मश्री मिळाली, रेमोंना २००७ मध्ये आणि वेंडेल यांना २०१४ मध्ये. दोघांनीही आपला प्रवास पुस्तकात सांगितला. वेंडेल यांचं ‘द ग्रीन रूम’ २०१२ मध्ये आलं, रेमोंचं आत्मचरित्र २०२१ मध्ये. ‘इंडी’ हा शब्द आपल्याकडे रुळायच्या कितीतरी आधी दोघांनी तसं काम करून दाखवलं होतं.

‘इंडी’ म्हणजे कोण?

गिटार घेऊन हळू आवाजात गायलं की इंडी, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे, कारण या शब्दाचा शैलीशी संबंध नाही. ज्याच्या गाण्याचा खर्च एखादी म्युझिक कंपनी किंवा चित्रपट निर्माता करत नाही, आणि त्यामुळे गाणं कसं असावं हेही ते ठरवत नाहीत, तो इंडिपेंडंट. फॅशनमध्ये मागे मोठा उद्योगसमूह नसताना स्वतःच्या नावाचं लेबल चालवणारा. आपल्याकडे लोकप्रिय संगीत म्हणजे बहुतेक वेळा चित्रपटाचंच संगीत, म्हणून या शब्दाला इथे जरा जास्त वजन आलं.

चार ट्रॅकमध्ये अख्खा बँड

रेमो मुंबईच्या जे. जे.मध्ये आर्किटेक्चर शिकले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस युरोप आणि उत्तर आफ्रिका भटकून ते गोव्यात परतले. १९८४ मध्ये त्यांची ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट आली. ती कुठल्या स्टुडिओत नाही, शिवोलीच्या घरी रेकॉर्ड झाली होती. वाद्यं त्यांनीच वाजवली, आवाजही त्यांचेच.

हे शक्य झालं एका यंत्रामुळे. जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ मध्ये ‘पोर्टास्टुडिओ’ बाजारात आणला. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक रेकॉर्ड करायची सोय त्यात होती. एरवी या कामासाठी तासावर पैसे मोजून स्टुडिओ घ्यावा लागे.

चार ट्रॅकमध्ये अख्खा बँड कसा बसवायचा? पहिल्या तीन ट्रॅकवर ड्रम, बेस आणि गिटार घ्यायचं. मग ते तिन्ही एकत्र करून चौथ्या ट्रॅकवर उतरवायचं. पहिले तीन पुन्हा मोकळे होतात, त्यावर आवाज आणि उरलेली वाद्यं. या उतरवण्याला ‘बाउन्स’ म्हणतात. दर बाउन्सला टेपची खरखर थोडी वाढते, आणि एकदा मिसळलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत. म्हणजे बेसचा आवाज कमी पडला हे शेवटी लक्षात आलं, तर पहिल्यापासून सुरुवात. (‘अनडू’च्या सवयीत वाढलेल्यांना नुसत्या कल्पनेनेच घाम फुटेल.)

कॅसेट तयार झाली तरी ती विकायची कशी, हा प्रश्न होताच. रेमो स्कूटरवर कॅसेट घेऊन दुकानोदुकानी फिरले. निर्मिती, वादन, गायन आणि वितरण, सगळं एका माणसाच्या हातात. याचा परिणाम गाण्यांच्या विषयांवर झाला. गोव्यातला रोजचा दिवस, तिथली माणसं, १९८६ च्या ‘पॅक दॅट स्मॅक’मध्ये अमली पदार्थ, आणि पुढे चक्क टेलिफोनच्या रडकथेवर गाणं. चित्रपटाच्या निर्मात्याकडे हे विषय घेऊन कुणी गेलं असतं, तर चहा पाजून परत पाठवलं असतं.

नंतर रेमोंनी चित्रपटांसाठीही काम केलं. ‘जलवा’चं शीर्षकगीत आणि ‘बॉम्बे’मधलं ‘हम्मा हम्मा’ बहुतेकांना माहीत असतं. पण तिथे ते स्वतःचा श्रोता आधीच तयार करून गेले होते. इंडी असण्याचा सगळ्यात व्यवहारी फायदा बहुधा हाच आहे. कराराच्या टेबलावर तुम्ही रिकाम्या हाताने बसत नाही.

‘गोवन क्रेझी’नंतर तीस वर्षांनी, २०१४ मध्ये, कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने ‘आफत’ हे गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि व्हिडिओही त्यावरच शूट केला. यंत्र बदललं, गणित तेच राहिलं. बदललं ते वितरण. स्कूटरची जागा आता वितरक ॲपने घेतली आहे. थोडी फी भरली की गाणं सगळ्या स्ट्रीमिंग सेवांवर जातं. अर्थात हे सगळ्यांनाच शक्य असल्याने गर्दीही तितकीच झाली.

मराठीतलं ताजं उदाहरण २०२४ चं. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केलं. गाणं अस्सल मराठी, ठेका हाउस संगीताचा. स्पिनिन २०१७ पासून वॉर्नर म्युझिक या बड्या समूहाच्या मालकीची आहे. मग हे गाणं इंडी म्हणायचं का? बनवताना इंडी आणि पोहोचवताना कॉर्पोरेट, असं मधलं उत्तर द्यावं लागेल. आज बरेच कलाकार याच मधल्या जागेत उभे आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही. करारात काय लिहून दिलं, एवढं मात्र माहीत हवं.

मस्कतची नोकरी आणि कुणबी साडी

वेंडेल रॉड्रिक्स मुंबईत वाढले, केटरिंग शिकले आणि मस्कतला रॉयल ओमान पोलिसांच्या ऑफिसर्स क्लबमध्ये नोकरीला लागले. तिथे साठवलेल्या पैशांतून त्यांनी लॉस एंजेलिस आणि पॅरिसला फॅशनचं शिक्षण घेतलं. ‘पैसे कुठून आले’ या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर फार कमी प्रवासकथांमध्ये सापडतं. आखातातली नोकरी करून मग स्वतःचं काही उभं करायचं, हे गोव्याच्या आणि कोकणाच्या कितीतरी घरांना ओळखीचं आहे.

पॅरिसमध्ये काम शोधताना त्यांना एक टोमणा ऐकावा लागला. तुमच्या कपड्यांत तुमचा देश कुठे दिसतो, असा त्याचा आशय होता. ही आठवण ते पुढे आवर्जून सांगत. १९९३ मध्ये ते कोलवाळला राहायला आले. भारतीय फॅशन म्हणजे जरी, भरतकाम आणि लग्नाचा झगमगाट असं समीकरण असताना त्यांनी पांढरा रंग, सुती आणि लिनन कापड, साधी घडण असं काम केलं. गोव्याच्या हवेत माणूस खरोखर जे घालू शकेल, ते.

त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र कुणबी साडीचं. शेतात राबणाऱ्या कुणबी आणि गावडा बायकांची ही लाल-पांढऱ्या चौकड्यांची साडी. चिखलात काम करता यावं म्हणून आखूड नेसायची, आणि पदर खांद्यावर गाठ मारून पक्का करायचा. गोव्यातलं तिचं विणकाम जवळजवळ थांबलं होतं. साडी लोकनृत्याच्या कार्यक्रमांपुरती उरली होती. वेंडेल यांनी ती पुन्हा विणून घेतली, आजच्या बाईला नेसता यावी म्हणून लांबी वाढवली, रंगांमध्ये बदल केले आणि २०११ मध्ये दिल्लीच्या फॅशन वीकमध्ये ती रॅम्पवर आणली.

इथे प्रेरणा आणि उचलेगिरी यांच्यातली रेघ दिसते. वेंडेल यांनी साडीला स्वतःचं नाव दिलं नाही, ती ‘कुणबी’च राहिली. तिच्यामागचा इतिहास त्यांनी ‘मोडा गोवा’ या २०१२ च्या पुस्तकात सविस्तर लिहिला आणि गोव्याच्या पोशाखांचं संग्रहालय उभारायचं काम हाती घेतलं. २०१६ मध्ये त्यांनी लेबलची सूत्रं शूलेन फर्नांडिस या शिष्येकडे दिली, ती याच संग्रहालयाला वेळ देण्यासाठी. १२ फेब्रुवारी २०२० रोजी कोलवाळलाच त्यांचं निधन झालं.

गाण्याचा मालक कोण?

कायद्याच्या दृष्टीने एका गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात. शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. पहिले दोन हक्क गीतकार आणि संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतात. तिसरा, म्हणजे रेकॉर्डिंगचा हक्क, प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. तो रेकॉर्डिंगसाठी पैसे घालणाऱ्याचा असतो. घरी, स्वतःच्या खर्चाने गाणं करणाऱ्याकडे तिन्ही हक्क येतात ते यामुळेच. १९८४ च्या कॅसेटचा ध्वनिमुद्रण हक्क २०४४ च्या अखेरीपर्यंत चालतो. घरातल्या त्या छोट्या यंत्राची खरी कमाई ही.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तेव्हा राज्यसभेत असलेल्या जावेद अख्तर यांनी ती लावून धरली होती. त्यानुसार गीतकार आणि संगीतकाराने हक्क कंपनीला दिले, तरी रॉयल्टीतला त्यांचा वाटा त्यांना कुणाला लिहून देता येत नाही. तो वारसांना किंवा वसुली करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. म्हणजे नवख्या कलाकाराने घाईघाईत सही केली, तरी हा वाटा शाबूत राहतो. तो हातात पडायला मात्र आयपीआरएससारख्या सोसायटीचं सदस्य व्हावं लागतं आणि प्रत्येक गाण्याची नोंद करावी लागते. प्रवास सांगणाऱ्या रीलमध्ये हा फॉर्म कधी दिसत नाही.

कपड्याचं गणित वेगळं का?

डिझायनरची बाजू इथे बरीच कमकुवत आहे. कागदावरचं चित्र किंवा प्रिंट ही कलाकृती म्हणून कॉपीराइटमध्ये बसते. पण जे डिझाइन म्हणून नोंदवता आलं असतं आणि नोंदवलं नाही, ते औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वस्तूंवर उतरवलं की त्यावरचा कॉपीराइट संपतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ मध्ये हे लिहिलेलं आहे.

याचे परिणाम कोर्टात दिसले. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तरुण ताहिलियानी यांच्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्यांच्या नगांची संख्या ५० च्या आत होती. २०१६ मध्ये त्याच न्यायालयात रितू कुमार यांची रितिका कंपनी बिबाविरुद्ध हरली. डिझाइनची नोंदणी नव्हती आणि ५० चा आकडा ओलांडलेला होता.

थोडक्यात, मोजक्या ग्राहकांसाठी बनलेला पाच लाखांचा लेहंगा सुरक्षित आणि शेकड्यांनी विकला जाणारा दीड हजारांचा कुर्ता उघड्यावर. सर्वसामान्यांना परवडेल असं काम करणाऱ्या छोट्या लेबलला हे उलटंच बसतं.

उपाय म्हणजे डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी. संरक्षण दहा वर्षं मिळतं, आणखी पाच वर्षं वाढवता येतं. अट अशी की अर्जाआधी ते डिझाइन कुठेही प्रसिद्ध झालेलं नसावं. लाँचच्या आदल्या आठवड्यात इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटोसुद्धा प्रसिद्धीच ठरू शकतो. म्हणून क्रम आधी अर्ज, मग रील असा हवा. नेमका तोच उलटा होतो.

प्रेरणा अख्ख्या गावाची असेल तर?

कुणबी साडी कुणा एकाची नाही, तशीच कोल्हापुरी चप्पलही. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडाने मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारखीच चप्पल दाखवली, तेव्हा कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. टीका झाल्यावर प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं कंपनीने मान्य केलं.

कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकातले प्रत्येकी चार जिल्हे त्यात येतात. पण जीआयचं संरक्षण मुख्यतः नावाला असतं. ‘कोल्हापुरी’ हा शब्द न वापरता तशीच चप्पल कुणी विकली, तर त्याला अडवणं अवघड जातं. या प्रकरणातली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. याचिकाकर्ते जीआयचे नोंदणीकृत मालक नव्हते. ती मालकी महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या महामंडळांकडे आहे.

अखेर डिसेंबर २०२५ मध्ये याच दोन महामंडळांबरोबर प्राडाचा करार झाल्याचं जाहीर झालं. त्यानुसार २,००० जोड दोन्ही राज्यांतल्या कारागिरांकडून बनवून घ्यायचे असून एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो आहे.

पैठणीलाही जीआय आहे. पैठणीच्या कापडाचं जॅकेट शिवून विकणाऱ्या छोट्या डिझायनरला महामंडळाशी करार करावा लागत नाही. मात्र कापड देणारा विणकर जीआय नोंदवहीत ‘अधिकृत वापरकर्ता’ आहे की नाही हे त्याला तपासता येतं, आणि लेबलवर त्या विणकराचं नाव छापता येतं.