"आधी खात्री करून घेऊ"

कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात दर वेळी कुणीतरी विचारतंच, "ताई, लैंगिक अत्याचार झाला असं मुलीने सांगितलं म्हणून लगेच पोलिसात कसं जायचं? आधी आपण खात्री करून घेऊ ना!" विचारणारी मनाने चांगली असते, एमएसडब्ल्यू झालेली असते, वस्तीत तिच्या शब्दाला मान असतो. म्हणूनच या खात्रीची मला धास्ती वाटते.

खात्री करायची म्हणजे काय होतं? आधी कार्यकर्ती विचारते, मग पर्यवेक्षक, मग संस्थेच्या मॅडम केबिनमध्ये बोलावून आईसमोर विचारतात. चौथ्यांदा सांगताना तपशील बदलतो किंवा मुलगी "काही नाही झालं" म्हणून गप्प बसते. लगेच निकाल: पोरगी खोटं बोलत होती! अहो, उशिरा सांगणं, अडखळणं आणि सांगितलेलं मागे घेणं हे अत्याचार झालेल्या मुलांमध्ये दिसतं, असं रोलंड समिट या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने 1983 सालीच लिहिलं आहे. हात लावणारा घरातलाच असेल आणि आईचाच विश्वास बसत नसेल, तर मुलीने कुणाच्या भरवशावर ठाम राहायचं? शब्द फिरवले म्हणजे अत्याचार झालाच, असं अर्थातच नाही. पण तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. "काकांनी इथे हात लावला ना?" असं विचारत राहिलं, की लहान मूल मोठ्यांना हवं ते उत्तर देऊ लागतं. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडी प्रकरणात शेकडो मुलांना असेच सुचवणारे प्रश्न विचारले गेले. 1983 मध्ये सुरू झालेलं ते प्रकरण 1990 मध्ये संपलं, तेव्हा एकही आरोपी दोषी ठरला नव्हता. मुलांचं खरं काय नि खोटं काय, हे त्या प्रश्नांच्या ढिगाखाली कायमचं गाडलं गेलं.

आणि कायदा? पॉक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 मध्ये खात्रीची अट कुठेच नाही. गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, की पोलिसांना कळवायचं. न कळवल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाने दडवलं तर 1 वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या लैंगिक अत्याचार प्रकरणात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरचा, माहिती न कळवल्याचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. तपास पोलिसांचा, निवाडा न्यायालयाचा. आपण ही दोन्ही कामं अंगावर घ्यायची आणि आपलं काम सोडून द्यायचं, हे मला समजत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. पालकांची परवानगी नसेल तर तक्रार करता येत नाही? येते, आणि करावीच लागते. मुलगे सुरक्षित असतात? केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2007 च्या 13 राज्यांतल्या पाहणीत लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्यांत 52.94 टक्के मुलगे होते. वैद्यकीय तपासणीत काही आढळलं नाही, म्हणजे काही घडलंच नाही? अनेक प्रकारच्या अत्याचारांत शरीरावर खूण राहतच नाही. जबाबासाठी मुलाला ठाण्यातच न्यावं लागतं? जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या जागी घेता येतो, पोलिसाने गणवेशात असता कामा नये, आणि रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. कार्यकर्तीला हे पाठ असेल, तर ती तिथेच फौजदाराला सांगू शकते.

आपलं काम ऐकण्याचं. मूल जे शब्द वापरेल तेच वहीत उतरवायचे. "शूची जागा" म्हणालं तर "शूची जागा"च लिहायचं, आपले शुद्ध शब्द घालायचे नाहीत. "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. पुढे कोण येईल, काय विचारेल, हे मात्र सांगायचं. तक्रारीनंतर बालकल्याण समितीने नेमलेली साहाय्यक व्यक्ती खटला संपेपर्यंत मुलासोबत असू शकते. हे घरच्यांना बहुतेक वेळा कुणी सांगतच नाही.

प्रशिक्षणात मी एक सराव घेते. दोघी समोरासमोर बसतात, एक आपल्या बालपणीचा कुठलाही साधा प्रसंग सांगते, दुसरीला फक्त "मग काय झालं?" एवढंच विचारायची मुभा. बहुतेकींची पहिली अडचण एकच असते: समोरची थांबली, की ती शांतता सहन होत नाही आणि त्या तिचं वाक्य स्वतःच पूर्ण करतात. मग आम्ही पुन्हा बसतो, पुन्हा सुरू करतो.