सहावीचा 'क्ष' फॅक्टर

घरीच शिकणाऱ्या मुलीचं प्रायमरीचं गणित एकदम झक्कास पार पडलं. पण आता पुढे कोणतं पुस्तक? सवाल साधा वाटतो, पण त्यावरून एका हसत्याखेळत्या घरात चक्क दोन पार्ट्या पडल्या!

'आम्ही मुलीला शाळेत घातलेलं नाही,' असं कुणी म्हटलं की पूर्वी चारचौघांत एकदम सन्नाटा पसरायचा. हल्ली निदान 'अच्छा, होमस्कूलिंग का?' एवढी तरी प्रतिक्रिया येते. मार्च २०२०च्या लॉकडाऊनने शाळा उचलून थेट आपल्या हॉलमध्ये आणून बसवली. पुढे शाळा उघडल्या, बहुतेक मुलं दप्तर घेऊन परतली. काही घरांनी मात्र ठरवलं, आपलं घरीच बरं चाललंय की!

त्यातलंच एक घर माझ्या सख्ख्या ताईचं. कोथरूडमधला टू-बीएचके, जिजू आयटीत, ताई घरून काम करणारी ग्राफिक डिझायनर आणि भाची वय वर्षं साडेअकरा. भाषा, इतिहास, विज्ञान यांचं त्या घरात कधी टेन्शन नव्हतं. वाचनालय आहे, गड-किल्ले आहेत, स्वयंपाकघर नावाची प्रयोगशाळाही आहे. गणिताची गोष्ट वेगळी. इतिहासात शिवकालाआधी पेशवाई वाचली म्हणून काही बिघडत नाही, पण अपूर्णांक कच्चे राहिले की बीजगणित तुम्हाला दारातच अडवतं. म्हणूनच प्रायमरीचं शेवटचं पुस्तक मिटलं, त्या आठवड्यात ताईचा फोन आला, "आता पुढे काय गं?"

गणित दहावीनंतर सोडून मी मास कम्युनिकेशनला पळाले होते. तरी म्हटलं, फीचर रायटरचा एक गुण असतो, न येणाऱ्या विषयावर चार लोकांना प्रश्न विचारता येतात. मग लागले कामाला!

पाचवीपर्यंत ऑल वेल

भाची शिकली ती 'प्रायमरी मॅथेमॅटिक्स' या सिंगापूरच्या मालिकेतून. सिंगापूरने ही पुस्तकं पहिल्यांदा १९८२ मध्ये काढली आणि पुढे जगभरातल्या होमस्कूलिंगवाल्यांनी ती उचलून धरली. फंडा सोपा आहे. आधी वस्तू हातात घ्या, मग चित्र काढा आणि शेवटी आकडे लिहा.

उदाहरणार्थ, आईकडे लेकीच्या तिप्पट लाडू आहेत, दोघींचे मिळून ४८. लेकीकडे किती? भाची काय करते? लेकीचा एक चौकोन काढते, आईचे तीन. चार चौकोन म्हणजे ४८, तर एक चौकोन म्हणजे १२. संपलं! ना सूत्र, ना पाठांतर. आपण हेच गणित सातवी-आठवीत 'समजा लेकीकडे क्ष लाडू आहेत' असं म्हणत, घाम पुसत सोडवलं होतं.

पण सिंगापूरमध्ये प्रायमरी सहा वर्षांची. मालिका सहाव्या पुस्तकावर थांबते. पुढचा रस्ता आपला आपण शोधायचा.

खरी गोची कुठे आहे?

सहावी-सातवी म्हणजे गणिताच्या प्रवासातला घाट. तोवरचं गणित डोळ्यांना दिसतं. लाडू, पेन्सिली, पिझ्झाचे तुकडे. इथून पुढे उणे तीन येतात. उणे तीन लाडू काढून दाखवा बरं! मग आकड्यांच्या जागी अक्षरं येतात. चित्रावर विसंबलेल्या मुलाला आता चिन्हावर विश्वास ठेवायचा असतो.

एक छोटी टेस्ट सांगते. घरातल्या एखाद्या दहा-अकरा वर्षांच्या पुतण्याला किंवा भाचीला ८ + ४ = □ + ५ हे गणित द्या. बरीच मुलं चौकोनात झोकात १२ लिहितात. का? कारण बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. खरं तर ते चिन्ह म्हणजे तराजू, दोन्ही पारडी सारखी. उत्तर ७. हा तराजू ज्याला कळला, त्याला पुढे समीकरण कळतं. नाही कळला, तर 'पक्षांतर केलं की चिन्ह बदलतं' हा मंत्र घोकत दहावी गाठावी लागते. आपल्यापैकी कितीजण तसेच गाठून आलोत, हात वर करा!

बाजारात काय काय?

ताईच्या डायनिंग टेबलावर महिनाभर जेवणाची ताटं कमी आणि पुस्तकं, प्रिंटआउट्स जास्त होते. त्यातले मुख्य उमेदवार असे.

डायमेन्शन्स मॅथ : सिंगापूर पद्धतीचंच पुढचं पाऊल. सातवी-आठवीच्या पुस्तकांत बीजगणित, भूमिती आणि आकडेवारी हातात हात घालून चालतात. चौकोनांची सवय असलेल्या मुलांना घर बदलल्यासारखं वाटत नाही. पण पुस्तकं परदेशी. किमतीत कुरिअरचा खर्च मिळवलात की डोळे पांढरे!

सॅक्सन मॅथ : जॉन सॅक्सन हे अमेरिकी हवाई दलातून निवृत्त झालेले अधिकारी. ओक्लाहोमात शिकवताना त्यांच्या लक्षात आलं की मुलं मागचं विसरतात. म्हणून रोज नवा विषय चिमूटभर आणि सरावात आधीचं सगळं मिसळून, साधारण तीस गणितं. शिस्तीत चालणाऱ्या, उजळणी लागणाऱ्या मुलांना हे मानवतं. फक्त इंच, पौंड, गॅलन यांच्याशी दोस्ती करावी लागते.

आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग : यांचं 'प्रीअल्जिब्रा' २०११ मध्ये आलं. इथे उलटी गंगा! आधी प्रश्न, मग शिकवणं. तुम्ही झगडा, अडका, मग पान उलटून पाहा. कोडी आवडणाऱ्यांसाठी मेजवानी, घाईत असणाऱ्यांसाठी डोकेदुखी.

गणित प्रकाश : एनसीईआरटीचं सहावीचं नवं पुस्तक, २०२४ मध्ये आलेलं. सातवी-आठवीचं २०२५ मध्ये आलं. पीडीएफ चकटफू. यात एक सुखद धक्का बसतो, तो म्हणजे ६१७४! देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये शोधलेली ही जादूई संख्या. सगळे सारखे नसलेले चार अंक घ्या, मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा करा आणि करत राहा. ३५२४ घेऊन पाहा : ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे... ६१७४! कुठल्याही चार अंकांनी सुरुवात करा, गाडी याच स्टेशनात येते.

बालभारती : आपलं घरचं. हेही पीडीएफमध्ये फुकट, मराठीत आणि इंग्रजीतही. अंश, छेद, लसावि, मसावि हे शब्द ज्या घरात आजी-आजोबा बोलतात, तिथे हे पुस्तक म्हणजे घरातच फुकटची ट्यूशन.

घरातली 'बोर्ड मीटिंग'

आता पार्ट्यांकडे येऊ. जिजूंचं म्हणणं स्पष्ट होतं. "पुस्तक कुठलंही घ्या, पण शेवटी परीक्षा कुठली देणार ते आधी ठरवा." ताईचं म्हणणं त्याच्या बरोब्बर उलट. "साडेअकराव्या वर्षी परीक्षा डोळ्यापुढे ठेवायची, तर शाळेनं काय घोडं मारलं होतं?"

दोघांच्याही बोलण्यात दम आहे. शिक्षणहक्क कायदा २००९चा, एप्रिल २०१०पासून लागू. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांबद्दल बोलतो, पण होमस्कूलिंग हा शब्द त्यात नाही. त्यामुळे प्रमाणपत्राची वाट पालकांनीच आखायची. एनआयओएसची दहावी वयाच्या १४व्या वर्षापासून देता येते. त्याआधी मुक्त बेसिक शिक्षणाच्या तिसरी, पाचवी, आठवीच्या पातळ्याही आहेत. केंब्रिजची आयजीसीएसई खासगी विद्यार्थी म्हणून देता येते, फी मात्र कित्येक पट. तिच्या गणितात 'कोअर' निवडलं तर ग्रेड जास्तीत जास्त सी. वरच्या ग्रेडसाठी 'एक्स्टेंडेड'च हवं. आणि १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसण्याची आपली जुनी मराठी वाट आहेच. तिच्या अटी आपल्या मुलाला लागू पडतात का, ते मात्र आधी तपासायचं.

जिजूंनी टेबलावर ठेवलेलं उदाहरण तर सगळ्यांना आठवत असेल. मुंबईची मालविका जोशी सातवीत शाळा सोडून घरी शिकली, प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये थेट अमेरिकेच्या एमआयटीत दाखल झाली. आपल्या आयआयटीचं दार मात्र बंद होतं, कारण बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं! "प्रत्येकाला ऑलिम्पियाडचं पदक मिळत नाही," जिजू म्हणाले. "आपण साधी माणसं. आपल्याला दारं उघडी ठेवावी लागतात."

ताई गप्प बसली. मग म्हणाली, "शाळेत मूल गणितावरून रडलं तर आईबाप बाईंना दोष देतात. इथे बाई मीच आहे. ती रडली तर चूक पुस्तकाची की माझी, हे मला कोण सांगणार?" होमस्कूलिंगच्या ब्रोशरमध्ये ही ओळ कुठेच छापलेली नसते.

पंधरा दिवसांची ट्रायल

शेवटी तोडगा निघाला तो मस्त होता. पुस्तक निवडायच्या आधी भाचीचीच तपासणी! सिंगापूर, सॅक्सन, आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग, सगळ्यांच्या पूर्वचाचण्या फुकट मिळतात. तीन सकाळी तीन चाचण्या झाल्या. अपूर्णांकांचा गुणाकार-भागाकार एकदम कडक. बरोबरचं चिन्हही पक्कं. पण शेकडेवारी उलटी विचारली की गाडी रुळावरून घसरत होती. २० टक्के सूट मिळून बॅग ८०० रुपयांना मिळाली, तर मूळ किंमत किती? भाचीने लिहिलं ९६०. (उत्तर १०००. ऑफिसात विचारून बघा, धमाल येईल!)

दुसरी गंमत आईने, म्हणजे तिच्या आजीने पकडली. १२,३४,५६७ हा आकडा भाची 'वन मिलियन' करत वाचायला लागली. परदेशी पुस्तकात लाख नाहीत, कोटीही नाहीत. आजी म्हणाली, "ही मुलगी उद्या होम लोनचे कागद कसे वाचणार?"

मग एकच विषय, ऋण संख्या, तीन पुस्तकांतून. सॅक्सनची गणितं तिने पटापट आणि बिनचूक सोडवली, वही मिटली आणि ती सायकल चालवायला पळाली. ताईच्या मैत्रिणीच्या मुलाला नेमका हाच पॅटर्न मानवलाय. रोजचं काम ठरलेलं असलं की त्याला शांत वाटतं. आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंगच्या एका प्रश्नावर ती चाळीस मिनिटं बसली. तिच्यापेक्षा जास्त अडकले जिजू, रात्री साडेअकराला पेन घेऊन! गणित प्रकाशमध्ये शून्याच्या खाली मजले असलेली इमारत आणि तिची लिफ्ट आहे. ते वाचून भाची म्हणाली, "म्हणजे आपलं पार्किंग उणे एक!" आणि पुढचे दोन दिवस सोसायटीच्या लिफ्टमध्ये बेरजा-वजाबाक्या चालल्या होत्या.

निकाल? आधी तीन आठवडे फक्त शेकडेवारीची डागडुजी. मग मुख्य पुस्तक गणित प्रकाश, कारण ते ताईला स्वतःला शिकवता येतं, लाख-कोटी त्यात आहेत आणि पुढची इथली परीक्षा परकी वाटणार नाही. शनिवारी बाबांबरोबर आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंगचा एकच प्रश्न. एनआयओएस की आयजीसीएसई, याचा फैसला तेराव्या वर्षी, भाचीला विचारून. दोन्ही पार्ट्या खूश!

तुमच्या घरात हा प्रश्न आला तर...

* आधी मूल तपासा, मग पुस्तक. पाढे, भागाकार, अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर, शेकडेवारी. यातलं जे कच्चं असेल ते आधी भरा. प्रायमरीचं पुस्तक संपणं वेगळं आणि प्रायमरीचं गणित येणं वेगळं.
* एकच धडा दोन-तीन पुस्तकांतून करून बघा. किती बरोबर आलं यापेक्षा मुलाने काय विचारलं, ते लिहून ठेवा.
* शिकवणार कोण? ज्याला शिकवायचंय त्याने सातवीचा एक धडा आधी स्वतः सोडवावा. पुस्तक मुलाला झेपून आईबाबांना झेपलं नाही, तर ते कपाटातच राहतं.
* परीक्षेचा रस्ता माहीत असू द्या, पण रोजच्या टेबलावर नको.
* दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. पुस्तक बदलणं म्हणजे हरणं नव्हे. पण दर महिन्याला बदलणं म्हणजे मुलाला कुठल्याच घरात सामान लावू न देणं.

आणि हो, सगळ्यात चांगलं पुस्तक कुठलं, असं कुणी विचारलं तर सरळ सांगा : आज संपलेलं पान ज्यात उद्या मूल आपणहून उघडतं, ते!