पट्टा का घसरतो?

दांडग्या बैलाचे दावे खांबाला दोन-तीन वेढे देऊन धरले, तर लहान मुलगाही त्याला रोखू शकतो. वेढा वाढला की घर्षणाची पकड वाढते. डोंगरवाटेवरच्या जीपमध्ये याच तत्त्वावर इंजिनावरचा पट्टा पाण्याचा पंप फिरवतो.

सपाट पट्ट्याने कप्पीला अर्धा वेढा घातला आहे आणि घर्षणांक ०.३ आहे, असे समजा. घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या सुमारे २.६ पट झाला की पट्टा घसरू लागतो. आयडलर नावाची कप्पी पट्टा आत दाबते. तिने वेढा १८० अंशांवरून २१० अंशांवर नेला, तर हीच मर्यादा ३ पट होते.

शिवाय पट्ट्याच्या आतील बाजूच्या व्ही आकाराच्या कडा कप्पीच्या खाचांत पाचरीसारख्या बसतात. खाचेचा कोन ४० अंश असेल, तर परिणामी घर्षणांक जवळजवळ तिप्पट होतो.

धूळ-चिखलाने या कडा झिजतात. मग पट्टा खाचांच्या तळाशी टेकतो आणि पाचर सुटते. त्यात पाणी उडाले की पट्टा किंचाळत घसरतो, पंप मंदावतो आणि ऐन चढावर इंजिन तापते. म्हणून तडे नाहीत एवढ्यावरून पट्टा चांगला समजू नये.

इंजिन बंद व थंड असताना पट्टा उतरवला की आयडलर हाताने फिरवून पाहावी. ती खरखरली किंवा डगमगली, तर तीही बदलावी. नाहीतर वाकडी फिरणारी कप्पी नव्या पट्ट्यालाही कुरतडते.