दूरपल्ल्याचे बिनतारी संदेशवहन : दावा आणि कसोटी

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. पुढे शिधावाटपासारख्या व्यवहारांत माणसाची ओळख पटविण्याचे कार्य दूरस्थ यंत्रणेशी होणाऱ्या संपर्कावर अवलंबून राहू लागले. संपर्क तुटला तर हक्काचे धान्य अडण्याचा संभव असतो. म्हणूनच अल्प शक्तीने, मनोऱ्यांवाचून आणि डोंगरांची तमा न बाळगता वाटेल तेवढ्या दूर संदेश नेणाऱ्या यंत्राचा दावा अशा प्रदेशात विशेष मोहक वाटतो. आणि म्हणूनच तो येथे अधिक काटेकोरपणे तपासला पाहिजे.

पहिली कसोटी भूमितीची होय. प्रेषक व ग्राहक आकाशकांची उंची प्रत्येकी २५ मीटर धरल्यास, वातावरणातील नेहमीचे वक्रीभवन जमेस धरूनही, अतिउच्च कंप्रतेच्या लहरींचे क्षितिज सुमारे ४१ किलोमीटरांवर येते. तापीकाठच्या सपाटीवर हे गणित बरेचसे लागू पडते. अक्कलकुवा व धडगाव या तालुक्यांत मात्र सातपुड्याची एखादी रांग आड आली की पाच किलोमीटरांचे अंतरही दुस्तर होते.

दुसरी कसोटी शक्तीची. मोकळ्या अवकाशात अंतर दसपट झाले की ग्राहकास मिळणारी शक्ती शतांश होते; ग्राहकातील उष्णीय गोंगाट मात्र कमी होत नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली दाखवून दिले की, संदेशाच्या वेगाची कमाल मर्यादा पट्टरुंदी आणि संदेश-गोंगाट गुणोत्तर यांवरून ठरते. यास्तव मंदगतीने थोडीशी माहिती फार दूर पाठविणे शक्य आहे. परंतु अल्प शक्ती, अरुंद पट्टा, दीर्घ अंतर व मोठा वेग हे चारही लाभ एकाच वेळी सांगणारा दावा संशयास्पद होय.

तथापि संशय म्हणजे नकार नव्हे. १२ डिसेंबर १९०१ रोजी अटलांटिकपार सुमारे ३,५०० किलोमीटरांवरून आलेले तीन टिंबांचे संकेत ऐकल्याचे मार्कोनी यांनी जाहीर केले, तेव्हा पुरावा काय तो त्यांच्या व त्यांच्या साहाय्यकाच्या कानांचा होता. शंका घेतली गेली, ती योग्यच होती. फेब्रुवारी १९०२ मध्ये 'फिलाडेल्फिया' जहाजावर संकेतांची नोंद कागदी फितीवर घेण्यात आली. रात्री ते ३,००० किलोमीटरांहून अधिक अंतरावर उमटले, दिवसा मात्र सुमारे १,१०० किलोमीटरांपलीकडे उमटले नाहीत. दावा अशा रीतीने मोजमापात उतरला आणि दिवस-रात्रीचा नवाच प्रश्न पुढे आला. त्याच वर्षी केनेली व हेव्हिसाइड यांनी वातावरणातील विद्युद्वाहक थराची कल्पना मांडली. १९२४ साली ॲपलटन यांच्या प्रयोगांनी तिला आधार मिळाला. १९२७ मध्ये खडकी व दौंड येथील केंद्रांद्वारे इंग्लंडशी लघुलहरींची बिनतारी सेवा सुरू झाली.

तात्पर्य, नव्या यंत्राविषयी विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. कंप्रता, शक्ती, पट्टरुंदी व वेग हे आकडे एकत्र सांगितले आहेत काय? ग्राहकाजवळची नोंद तटस्थ व्यक्तीने घेतली काय? प्रयोग निवडलेल्या टेकडीवर एकदाच झाला, की दरीतल्या पाड्यावर, पावसाळ्यासह वर्षभर? यांची उत्तरे मिळेपर्यंत त्या यंत्राच्या भरवशावर कोणाचेही धान्य ठेवू नये.